यार्डात न्यायचा की दारात द्यायचा? (कांदा, मोहोळ ते सोलापूर)

माळावरचा | १२ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो. आज भावाशी भांडून बसलोय म्हणून धागा काढतोय.

मी पुण्यात नोकरीला. धाकटा भाऊ मोहोळ तालुक्यात गावी शेती बघतो. अडीच एकर, त्यात सव्वा एकर लाल कांदा. परवा पहिली खेप सोलापूरच्या बाजार समितीच्या यार्डात नेली. रात्री दहाला गाडी भरून निघाला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आला. विक्रीची पट्टी अशी:

४६ गोण्या, ५० किलोच्या, म्हणजे २३ क्विंटल. १८ गोण्या क्विंटलला १४०० नं गेल्या, २० गोण्या ९०० नं, ८ गोण्या गोल्टी (बारका कांदा) ३०० नं. एकूण २२,८००. त्यातून गाडीभाडं २,७६०, हमाली-तोलाई ५५२ आणि ‘इतर’ १३८. हातात १९,३५०. बारदाना (रिकाम्या गोण्या) आपला, ३५ रुपये गोणी, तो पट्टीत धरलेला नाही.

गावातला व्यापारी दारात येऊन सरसकट ८५० नं मागत होता. गोण्या त्याच्या, गाडी त्याची, पैसे जागेवर. भाऊ म्हणतो, पुढची खेप त्यालाच देणार. मी म्हणालो, अरे, उघडा लिलाव सोडून घरच्या घरी सौदा कसला करतोस? आज ८५० देईल, तू यार्डाची वाट विसरलास की ७०० वर येईल. तो म्हणाला, "तू एक रात्र येऊन गोण्यांवर झोप, मग बोल."

फोन आपटला. तर जाणकारांनो, कोणाचं बरोबर?

बिनपाण्याचा | १२ जानेवारी, ९.५२

पहिला नंबर. वाचतोय.

त्रैराशिक | १२ जानेवारी, १०.१५

भावाचं बरोबर. २३ गुणिले ८५० म्हणजे १९,५५०. इथेच तो २०० रुपयांनी पुढे आहे. बारदान्याचे १,६१० धरले तर १,८१०. शिवाय माणसाचे दोन दिवस, वाटेतला चहा, वडापाव. यार्डात १४०० भाव मिळाला हे गावात सांगायला बरं वाटतं. पण तो ४६ पैकी १८ गोण्यांचा भाव आहे, ही गोष्ट कोणी सांगत नाही.

काट्याचा माणूस | १२ जानेवारी, ११.३०

मी यार्डातच असतो, एका आडतीवर, म्हणजे आडत्याच्या पेढीवर, हिशेब लिहितो. दोन गोष्टी.

एक, वजन. तुमची २३ क्विंटल यार्डातल्या काट्यावर भरली. दारातल्या ताणकाट्यावर तीच २२ भरली तर? २२ गुणिले ८५० म्हणजे १८,७००. आता करा त्रैराशिक, राव. जागेवर घेणारा भावात कमी मारतो आणि वजनात जास्त, हे मी रोज बघतो. अर्थात सगळेच तसे नसतात.

दुसरी म्हणजे निवड. गोणीचं तोंड एक आणि पोट एक असलं की खरेदीदार हात घालून तळातला कांदा वर काढतो आणि मग अख्ख्या ढिगाचा भाव उतरतो. तुमच्या भावानं तीन वक्कल (दर्जाप्रमाणे ढीग) करून आणले हे शहाणपण केलं. पण गोल्टी आणायची नव्हती. ८ गोण्यांचे आले १,२००. त्यांचं भाडं ४८०, हमाली शंभराच्या आसपास, बारदाना २८०. राहिले साडेतीनशे. चारशे किलो कांद्याचे!

आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, पट्टीत कापलेली नाही ना? २०१६ पासून भाजीपाला-फळांची आडत खरेदीदाराकडून घ्यायची आहे. ‘इतर’ म्हणजे काय, ते मात्र विचारून घ्या. विचारणाऱ्याचं ‘इतर’ कमी होतं, हा अनुभव.

त्रैराशिक | १२ जानेवारी, ११.४४

२२ भरली तरी दारच पुढे. १९,३५० उणे १,६१० म्हणजे १७,७४०. दार १८,७००. फरक ९६०.

काट्याचा माणूस | १२ जानेवारी, ११.५१

बरं, असू दे मालक. झोपा.

अर्थाअनर्थ | १३ जानेवारी, सकाळी ८.०५

ही चर्चा शेवटी ‘बाजार किती लांब’ यावर येईल, म्हणून आधीच लिहितो. मोहोळहून सोलापूर काही लांब नाही आणि रस्ता चौपदरी आहे. बार्शी तालुक्यातल्या त्या शेतकऱ्याची बातमी आठवत असेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये ५१२ किलो कांदा सोलापुरात विकला, किलोला रुपया मिळाला, भाडं-हमाली-तोलाई वजा जाऊन हातात २ रुपयांचा चेक. तोही पुढच्या तारखेचा. त्याला बाजार मिळालाच होता की! यार्ड होतं, लिलाव होता, पट्टी होती.

भाव ठरतो तो दिल्लीत. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला थेट निर्यातबंदी, ती उठली मे २०२४ मध्ये, तीही ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात शुल्क २० टक्के, आणि गेलं १ एप्रिल २०२५ ला. सोलापूरच्या लाल कांद्याचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. बंदी कुठल्या महिन्यात आली ते परत वाचा.

बिनपाण्याचा | १३ जानेवारी, ८.२०

आता २०२० चे कृषी कायदे, मग ते मागे घेणं, मग अंबानी-अदानी. धागा दोनशे पार. चला, मी भाकरी खाऊन येतो.

उजनीकाठ | १३ जानेवारी, ८.३१

@बिनपाण्याचा :)) तो विषय खरंच नको. माळावरचा यांना या आठवड्यात दुसरी खेप काढायची आहे.

काट्याचा माणूस | १३ जानेवारी, दुपारी २.१०

अर्थाअनर्थ यांचं बंदीबद्दल खरं आहे. त्या डिसेंबरात मी आडतीवर होतो. सकाळी लिलावाला आलेल्या माणसाचा चेहरा कसा उतरतो, ते पाहिलंय. पण दिल्लीवर सगळं टाकून चालणार नाही.

नाशिकचा उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. आमच्याकडं येतो तो बहुतेक लाल. पाण्याचा अंश जास्त, साल पातळ. काढला, कापला, की आठ-पंधरा दिवसांत विकलाच पाहिजे, नाहीतर कोंब नाहीतर सड. म्हणून संक्रांतीला, सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास मोहोळ, बार्शी, माढा, तुळजापूर, शिवाय कर्नाटकातनं गाड्यांवर गाड्या. हैदराबाद रोडला रांग लागते. कधी कधी यार्ड रिकामं करायला लिलाव एक दिवस बंद ठेवावा लागतो. खरेदीदाराला हे दिसत असतं. बंगळूर, चेन्नई, हैदराबादच्या गाड्या त्यानं सकाळीच भरलेल्या असल्या की दुपारच्या मालाला तो हातच लावत नाही. आणि तुम्ही काय करणार? परतीचं भाडं भरून गोण्या घरी नेणार? आजवर कांदा परत नेणारा माणूस मी बघितलेला नाही. खरेदीदारानंही बघितलेला नाही, गोम तिथं आहे.

डाळिंबवाला सांगोलेकर | १३ जानेवारी, रात्री ८.४५

आमच्याकडं उलटी तऱ्हा. यार्डात कमी जातो, व्यापारी बागेत येतो. ऐकायला झकास. बाग बघतो, किलोचा भाव ठरवतो, दहा-वीस हजार इसार देतो आणि सांगतो, "आठ दिवसांनी तोडणी." आठ दिवस बाग त्याची झाली, राखायची मी. तेवढ्यात वातावरण बिघडलं, फळावर डाग दिसला की फोन येतो, "मालक, पुढं मार्केट पडलंय, पंधरा रुपये कमी करा." नाही म्हणावं तर बाकीचे व्यापारी म्हणतात, तुमची बाग अमक्यानं धरलीय, आम्ही कसं शिरणार? ते सगळे संध्याकाळी एकाच हॉटेलात जेवतात.

सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. तेल्या, मर, सगळ्या रोगांवर सल्ला मिळतो. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मी घरी फ्रेम करून लावणार होतो, पण व्यापारी भिंतीकडं बघत नाही, फळाकडं बघतो.

एकदाच वेगळं झालं. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल (शेतमालाची खास गाडी) सांगोल्याहून सुटली, थेट पश्चिम बंगालात शालिमारला. भाड्यात निम्मी सवलत. ट्रकला लागतील त्याहून कमी दिवसांत माल पोचायचा. मी स्वतः त्या हंगामात कॅरेट चढवलेत. चार जणांनी मिळून दिल्लीच्या आडत्याला माल पाठवला आणि पैसे खात्यावर आले, तेव्हा गंमत अशी झाली की बागेत येणारा व्यापारी आपणहून दोन रुपये वाढवायला लागला. मी रेल्वेनं पाठवतोच असं नव्हतं. पाठवू शकतो एवढं त्याला कळलं होतं. पुढं सवलत गेली, आम्ही परत ट्रकवर, आणि व्यापारी परत मूळ पदावर.

उजनीकाठ | १३ जानेवारी, ९.०२

+१ शेवटच्या परिच्छेदाला.

आम्ही ऊसवाले. निदान एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान दर) आहे, १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे. पाळला जातो का, ते विचारू नका. पण भाव आधी माहीत असतो, म्हणून पाणी पिणारं पीक असूनही माणूस ऊस सोडत नाही. लोक उगाच आम्हाला आळशी म्हणतात.

कडकभाकरी | १४ जानेवारी, सकाळी ११.२०

संक्रांतीच्या शुभेच्छा, तिळगूळ घ्या. आता जरा वेगळं बोलते, कारण वरच्या सगळ्या प्रतिक्रिया पुरुषांच्या आहेत हे न सांगताही कळतंय.

आई दर आठवड्याला तालुक्याच्या बाजारात मेथी, शेपू, ओला लसूण घेऊन जायची. आदल्या संध्याकाळी जुड्या बांधायच्या, ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या. पहाटे मुक्कामी एसटीच्या टपावर डालगं, म्हणजे मोठी टोपली. बाजारात तिची जागा ठरलेली होती, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीला लागून. पोतं अंथरलं की जागावसुलीवाला पावती फाडायचा. ती पावती ती कमरेच्या पिशवीत जपून ठेवायची, जणू सातबाराच. दुपारपर्यंत दोनशे-अडीचशे रुपये व्हायचे आणि त्यातून तिथेच तेल, चहापत्ती, आमच्या वह्या. कांद्याची पट्टी वडिलांच्या नावावर यायची आणि सोसायटीच्या कर्जात जिरायची. ती आम्ही कधी पाहिलीसुद्धा नाही. घर चालायचं ते डालग्यावर, शेळीवर आणि दर दहा दिवसांच्या दुधाच्या पगारावर.

एसटीच्या संपात, २०२१ च्या शेवटी, गावाची मुक्कामी गाडी बंद झाली. संप मिटला, ती गाडी काही परत आली नाही. रिक्षावाला डालग्याचे वेगळे पैसे मागायला लागला. आईनं मेथी टाकणंच बंद केलं. गावातले लोक म्हणतात वय झालं. वय नव्हतं झालं.

मी स्वतः बचत गटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी करते. पुण्यात जाते, एसटी पार्सलनं. त्यावर नंतर लिहीन, दूध उतू चाललंय.

माळावरचा | १४ जानेवारी, ११.५८

@कडकभाकरी, तुमचा प्रतिसाद वाचून आईची आठवण आली. आमच्याकडं ती अंडी विकायची.

ज्वारीचं कणीस | १४ जानेवारी, रात्री १०.१०

मंगळवेढ्याचा. कोरडवाहू, काळी जमीन, मालदांडी ज्वारी. आमच्या ज्वारीलाही २०१६ मध्येच मानांकन मिळालंय. यार्डात गेलं की मंगळवेढ्याची आणि शेजारच्या जिल्ह्यातली एकाच ढिगात.

मी तीन वर्षं पुण्यातल्या एका सोसायटीला थेट दिली. दहा किलोच्या पिशव्या, साफ करून. पहिल्या वर्षी चाळीस घरं. दुसऱ्या वर्षी निम्मी म्हणाली, "पीठ करून देता का?" तिसऱ्या वर्षी एक काकू म्हणाल्या, भाकरी चिरते, बदलून द्या. आता भाकरी थापायला मी पुण्याला जाऊ का? तरी बारा घरं टिकलीत. त्या बारा घरांचा भाव यार्डापेक्षा बराच बरा. पण माझी ज्वारी तीस क्विंटल आणि त्यातली बारा घरांत जाते चार. ‘थेट ग्राहकाला विका’ असं भाषणात सांगणाऱ्यांनी उरलेल्या २६ क्विंटलचं सांगावं.

आणि खरं सांगू? एखाद्या वर्षी कडब्याचे पैसे दाण्यापेक्षा चांगले होतात. कडब्याला गिऱ्हाईक बांधावर येतं, रोख देतं, ‘इतर’ नाही.

नवा मेंबर | १५ जानेवारी, ९.००

शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कंपनी का काढत नाहीत? मोबाइलवर सगळे भाव दिसतात आता.

डाळिंबवाला सांगोलेकर | १५ जानेवारी, ९.४०

काढली होती. अकरा संचालक, अकरा मोबाइल, दहा रुसवे. भाव मोबाइलवर दिसतो, मान्य. तो कुठल्या वकलाचा, ते दिसत नाही. कंपन्या चांगल्या चाललेल्याही आहेत, पण पहिल्या दिवशी माल आणणाऱ्याला त्याच दिवशी पैसे द्यायला भांडवल लागतं. आमच्याकडं नेमकं तेच नव्हतं. सभासद पहिली गाडी कंपनीला देतो, दुसरी व्यापाऱ्याला. त्याला बोल लावून उपयोग नाही, त्याच्या घरी लग्न असतं.

बार्शीचा तूरवाला | १५ जानेवारी, दुपारी १.१५

कांद्याचं माहीत नाही. तूर-सोयाबीनला एक वाट आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना, १९९०-९१ पासूनची. गोदामात माल ठेवा, किमतीच्या ७५ टक्के कर्ज, व्याज ६ टक्के, मुदत सहा महिने. मी दोनदा केलं. एकदा फायदा झाला. एकदा भाव अजून पडला आणि व्याज अंगावर आलं, पण निदान विकायचा दिवस माझा मी ठरवला. अडचण अशी की ज्याच्याकडं सातच कट्टे आहेत तो तिथवर जात नाही. सात कट्ट्यांसाठी सातबारा, पीकपेरा, चाळणी, आर्द्रता १२ च्या आत. तो म्हणतो, जाऊ दे, कोपऱ्यावरच्या दुकानात देतो.

आणि त्या कोपऱ्यावरच्या दुकानाचंच त्यानं जूनमध्ये बियाणं-खत उधार आणलेलं असतं. माळावरचा, तुमच्या भावाला एक विचारा. हा दारात येणारा व्यापारी एवढा प्रेमानं का येतो?

माळावरचा | १६ जानेवारी, रात्री ११.२५

विचारलं. फोन मीच केला, आधी इकडचं तिकडचं बोललो.

दिवाळीत भावानं त्या व्यापाऱ्याकडून १५ हजार उचल घेतली होती. औषध-फवारणीला आणि पोरीच्या क्लासच्या फीला. मला सांगितलं नाही, कारण मी बोललो असतो. खरंय, बोललो असतो. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचं राहिलं होतं, म्हणून तिथून मिळेना. व्याज घेत नाही म्हणे तो माणूस. फक्त, माल दुसरीकडं घालू नये अशी अपेक्षा. पहिली खेप यार्डात नेली म्हणून तो दोन दिवस बोलत नव्हता.

म्हणजे मी इथं १९,३५० आणि १९,५५० करत बसलो होतो, आणि प्रश्न भावाचा नव्हताच. जरा ओशाळल्यासारखं झालंय.

त्रैराशिक | १६ जानेवारी, ११.३३

व्याज घेतो की. दुसऱ्या कोणाकडं ९०० मिळत असतील आणि तो ८५० देत असेल, तर सव्वा एकराचे समजा ७० क्विंटल गुणिले ५० म्हणजे ३,५००. १५ हजारांवर, तीन महिन्यांत. टक्केवारी लिहीत नाही, झोप उडेल.

उजनीकाठ | १६ जानेवारी, ११.५०

त्रैराशिक यांचा हिशेब बरोबर, पण मनाला पटत नाही. दिवाळीत फी भरायला त्या रात्री पैसे कोणी दिले? बँकेनं नाही, आपण इथं लिहिणाऱ्यांनीही नाही. त्या माणसाला सावकार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला असाच एक व्यापारी रात्री अकराला पैसे घेऊन आला होता. पुढं दोन वर्षं त्यानं आमची केळी स्वस्तात नेली. दोन्ही खरं आहे.

काट्याचा माणूस | १७ जानेवारी, सकाळी ७.१०

आडतीवरनंही उचल मिळते हो, साखळी तीच. फक्त कडी लांब असते.

माळावरचा, तुम्ही १५ हजार पाठवून ती उचल फेडा. उपकार म्हणून नको, उन्हाळ्यात परत घ्या. मग भावानं त्याच व्यापाऱ्याला माल दिला तरी हरकत नाही. आणि गाडी एकट्यानं करू नका, शेजारचे तिघं धरा. गोल्टी घरी ठेवा.

माळावरचा | ९ फेब्रुवारी, रात्री ९.१५

धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा राहिला होता.

उचल फेडली. भावानं आधी दोन दिवस आढेवेढे घेतले. मग चार जणांनी मिळून मोठी गाडी केली, भाडं गोणीला ६० चं ४२ झालं. दुसरी खेप यार्डात, वरचे दोन वक्कलच नेले. भाव पहिल्या खेपेपेक्षा थोडा कमीच लागला, पण हातात बरे पडले. ‘इतर’ काय, असं भावानं खिडकीत विचारलं. आतला माणूस वर न बघता म्हणाला, "नवीन दिसताय." १३८ चे ६० झाले.

तिसरी खेप त्याच व्यापाऱ्याला दिली, दारात. यावेळी ९२५ नं, आणि वजन भावाच्या मित्राच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर. तो म्हणे हसत होता.

गोल्टी वहिनीनं दोन आठवडे बाजारात नेली. यार्डात किलोला तीन रुपये मिळालेली, तिनं दहानं विकली. सगळी नाही गेली, साठ-सत्तर किलो गेली असेल. पैसे किती झाले विचारलं तर भाऊ म्हणाला, "मला सांगत नाही ती."

कडकभाकरी | ९ फेब्रुवारी, ९.२२

सांगू नये.

बिनपाण्याचा | ९ फेब्रुवारी, ९.३०

वहिनींना जागा कुठली मिळाली? भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी असेल तर पावती जपून ठेवायला सांगा.